अठरा डॉलर आणि स्वयंपाकाचे पुस्तक

एखादी संस्था उभी करायची म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पावतीपुस्तक, देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी आणि वार्षिक सभा येते. पण अमेरिकेत गेल्या दीडशे वर्षांत अनेक शाळा, दवाखाने, चर्च आणि सिनेगॉग यांना पैसा मिळाला तो वेगळ्याच वाटेने. तो आला स्वयंपाकघरातून. बायका एकत्र जमल्या, प्रत्येकीने आपल्या घरचा एकेक पदार्थ लिहून दिला, त्याचे पुस्तक छापले आणि विकले. जमलेला पैसा कामी लागला, खर्च झाला. पुस्तक मात्र घराघरांत राहिले आणि आईकडून लेकीकडे, लेकीकडून नातीकडे गेले.

आपल्या माणसांना हा इतिहास ठाऊक असावा असे मला वाटते. आपण बेने इस्राएल मूठभर. कोकणातून मुंबईला, मुंबईहून इस्राएलला आणि थोडे इकडे अमेरिकेला असे पांगलेले. आपल्याजवळ जे हातात आहे, ते अजून कागदावर फारसे आलेले नाही.

या प्रथेची सुरुवात युद्धात झाली. १८६१ साली अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध पेटले. जखमी सैनिकांच्या शुश्रूषेसाठी उत्तरेत ‘सॅनिटरी कमिशन’ नावाची संस्था निघाली. तिच्यासाठी पैसा उभारायला शहरोशहरी मोठमोठ्या जत्रा भरू लागल्या आणि त्यांतले बरेचसे काम बायकांनी अंगावर घेतले. जून १८६४ मध्ये फिलाडेल्फिया येथे अशी जत्रा भरली. तिच्यासाठी मारिया मॉस या बाईंनी पाककृतींचे एक पुस्तक तयार केले. पदार्थांच्या जोडीला त्यात कविताही होत्या, म्हणून त्याचे नावच ‘अ पोएटिकल कुक-बुक’. विक्रीचे उत्पन्न जत्रेच्या निधीला द्यायचे होते. धर्मादायासाठी निघालेले अमेरिकेतले पहिले स्वयंपाकाचे पुस्तक म्हणून याच पुस्तकाचा उल्लेख होतो.

युद्ध संपले, पण बायकांना ही युक्ती सापडली ती सापडलीच. पुढल्या पन्नास वर्षांत अशी सुमारे तीन हजार पुस्तके निघाली. गावातल्या चर्चचे छप्पर गळते, काढा पुस्तक. अनाथाश्रमाला खाटा हव्यात, काढा पुस्तक. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. त्या काळी बायकांच्या हाती स्वतःचा पैसा फारसा नसे. संस्थेच्या कार्यकारिणीवर पुरुष बसत. देशभरातल्या स्त्रियांना मताचा अधिकार मिळाला तो १९२० साली. बाईच्या हुकमतीखाली होते ते स्वयंपाकघर, आणि तिने तेच भांडवल केले.

हिशेबही साधा आणि पक्का होता. छपाईचा खर्च गावातल्या दुकानदारांच्या जाहिरातींतून निघे: वाणी, चुली विकणारा, पिठाचा व्यापारी. पाककृती फुकट मिळत. प्रत्येक पाककृतीखाली देणारीचे नाव छापत. ज्या बाईचे नाव छापले, ती स्वतः एक प्रत घेणार, सासरी एक देणार, माहेरी एक पाठवणार. तेव्हा पुस्तक छापून होण्याआधीच निम्मे गिऱ्हाईक ठरलेले असे. नाव छापल्याने आणखीही एक गोष्ट साधली. जिचे नाव एरवी कुठल्याच इतिहासात आले नसते, अशी बाई एका लोणच्याच्या किंवा केकच्या आधाराने शंभर-सव्वाशे वर्षे टिकली.

यहुदी बायकाही मागे नव्हत्या. १८७१ साली फिलाडेल्फियातच एस्थर लेवी यांचे पुस्तक निघाले. इंग्रजीतले अमेरिकेतले ते पहिले यहुदी पाकशास्त्र, आणि कोशेर नियम सांभाळून लिहिलेले. ते धर्मादायासाठी नव्हते. धर्मादायासाठी निघालेले पहिले यहुदी पुस्तक १८८८ साली कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात छापले गेले, ‘द फेअर कुक बुक’. पण या सर्वांत ज्याची कथा आपण लक्षात ठेवावी ते पुस्तक मिलवॉकी शहरातले आहे.

मिलवॉकीत लिझी ब्लॅक कँडर नावाच्या बाई होत्या. रशियाकडून छळामुळे पळून आलेली गरीब यहुदी कुटुंबे त्या काळी शहरात येत होती. त्यांच्या मुलींसाठी ‘सेटलमेंट’ नावाच्या समाजगृहात कँडरबाई स्वयंपाकाचे वर्ग घेत. मुली फळ्यावरची कृती वहीत उतरवून घ्यायच्या आणि त्यातच निम्मा तास निघून जायचा. मी जन्मभर शाळेत शिकवले, त्यामुळे ही अडचण मला न सांगता कळते. कँडरबाईंनी विचार केला, कृती छापून मुलींच्या हाती द्याव्या. त्यांनी कार्यकारिणीकडे छपाईसाठी १८ डॉलर मागितले. कार्यकारिणीवरच्या पुरुषांनी ते नामंजूर केले. नफा झाला तर आम्हीही वाटेकरी होऊ, अशी थट्टाही त्यांनी केल्याचे सांगतात.

अठरा हा आकडा आपल्याला नवा नाही. हिब्रूत ‘खाय’ म्हणजे जिवंत, आणि त्या अक्षरांची बेरीज अठरा. म्हणून इथले यहुदी दान देताना अठरा, छत्तीस असे आकडे धरतात. कार्यकारिणीने नाकारलेला आकडा नेमका तोच निघाला.

कँडरबाई थांबल्या नाहीत. त्यांनी जाहिराती मिळवल्या, छापखानदार तयार झाला, आणि १९०१ साली ‘सेटलमेंट कुक बुक’च्या १,००० प्रती निघाल्या. त्या संपल्या. १९०३ साली दुसरी आवृत्ती काढावी लागली. मग आवृत्तीमागून आवृत्ती निघत गेली. पुस्तकाच्या नफ्यातून सेटलमेंटच्या नव्या इमारतीसाठी जागा घेता आली, आणि तिथे ‘अब्राहम लिंकन हाउस’ उभे राहिले. कँडरबाई १९४० साली वारल्या, पण पुस्तक चालूच राहिले. चाळीसच्या आसपास आवृत्त्या आणि वीस लाखांच्या वर प्रती! नाकारलेल्या १८ डॉलरांवर एवढे व्याज कुठल्या बँकेने दिले असते?

इथपर्यंतची कथा आनंदाची आहे. पण तिला दुसरी बाजूही आहे, आणि आपल्या कामाची तीच अधिक.

कँडरबाई जर्मन यहुदी घराण्यातल्या, अमेरिकेतच जन्मलेल्या. त्यांच्या वर्गातल्या मुली रशियाकडच्या, कोशेर घरांतल्या. पुस्तकात काय घालायचे ते कँडरबाईंनी ठरवले. त्यामुळे त्यात जर्मन पद्धतीचे केक आले, अमेरिकन पद्धतीचे पदार्थ आले, आणि यहुदी संस्थेचे पुस्तक असूनही कालवे व शेवंडांसारखे निषिद्ध प्रकारही आले. त्या मुलींच्या आया घरी जे रांधत, त्यांतले थोडेच आत शिरले. हेतू चांगला होता. मुलींनी नव्या देशात रुळावे अशीच इच्छा होती. परंतु पुस्तकात येते ते लिहिणाऱ्याच्या घरचे. जी बाई लिहीत नाही, तिचा पदार्थ तिच्याबरोबर जातो.

याच्या अगदी उलट उदाहरण दक्षिणेतल्या माँटगोमेरी शहरातले आहे. डिसेंबर १९५५ मध्ये तेथील काळ्या लोकांनी शहराच्या बसगाड्यांवर बहिष्कार टाकला. तो ३८१ दिवस चालला. लोकांना कामावर नेण्या-आणण्यासाठी खासगी मोटारींची व्यवस्था केली होती. त्यांच्या पेट्रोलला पैसा कोठून आणायचा? जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण पुढे आली. तिने आणि तिच्या मैत्रिणींनी केक, पाय, कोंबडीची सँडविचेस करून घरोघरी, केशकर्तनालयांत, दुकानांत विकली आणि आलेला पैसा सभेत आणून चळवळीला दिला. आपल्या मंडळाला त्यांनी नाव दिले ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’, म्हणजे ‘कुठलेच नसलेले मंडळ’. पैसा कुठून आला असे कोणी विचारले तर खरेच उत्तर देता यावे: ‘नोव्हेअर’हून, कुठूनच नाही. कारण नाव फुटले तर नोकरी जायची. गिलमोरबाईंनी १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांची नोकरी खरोखरच गेली. मग त्यांनी घरीच खाणावळ चालवली, आणि किंग स्वतः तिथे जेवायला येत.

मिलवॉकीच्या बायकांनी नाव छापून पैसा उभा केला, माँटगोमेरीच्या बायकांनी नाव लपवून. एकीकडे पुस्तक राहिले, दुसरीकडे आठवण राहिली. नाव लपवणे ही गिलमोरबाईंची गरज होती. आपल्यावर आज तशी कुठलीच सक्ती नाही.

आता आपल्या प्रदेशाकडे वळू, कारण हा प्रकार केवळ अमेरिकेचा नाही. गोव्यात पणजीला १९०८ साली मराठी शाळेसाठी ‘मुष्टिफंड’ निघाला. घरची बाई रोज तांदूळ शिजायला घेताना एक मूठ बाजूला काढून ठेवी. ते तांदूळ गोळा करून विकायचे आणि त्यावर शाळा चालवायची. ती संस्था आजही त्याच नावाने चालते. मुंबईत सारस्वत महिला समाजाने १९४३ साली ‘रसचंद्रिका’ हे पुस्तक मराठीत काढले. त्यात पदार्थ तर होतेच, पण सणवार आणि घरगुती औषधेही होती. पुढे त्याचे इंग्रजी भाषांतर झाले, आणि मराठी न येणाऱ्या सारस्वत मुली आज अमेरिकेत ते पुस्तक उघडून स्वयंपाक करतात. मुंबईच्या ‘टाइम अँड टॅलेंट्स क्लब’च्या बायकांनीही समाजकार्यासाठी पाककृतींचे पुस्तक काढले, आणि पारशी घरांत ते वर्षानुवर्षे वापरात आहे.

इस्राएलमध्ये राहणाऱ्या वाचकांसाठी आणखी एक दुवा सांगते. १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये हेन्रिएटा झोल्ड यांनी ‘हदासा’ ही स्त्रियांची संस्था स्थापन केली. पुढल्याच वर्षी तिने दोन परिचारिका यरुशलायमला पाठवल्या. आज एन केरेमचे हदासा इस्पितळ कोणाला माहीत नाही? या संस्थेच्या अमेरिकेतल्या गावोगावच्या शाखांनी निधीसाठी जे उपक्रम केले, त्यांत पाककृतींची पुस्तकेही होती. ओहायोतली कुणी बाई आपल्या कुगेलची कृती छापायला देते आणि त्या पुस्तकाचा पैसा यरुशलायमच्या आजाऱ्याच्या खाटेपाशी पोहोचतो.

मग आपले काय?

आपल्या समाजाचा इतिहास पाहिला तर स्वयंपाकघराला जो मान आहे तो क्वचितच दुसऱ्या कोणाला असेल. आपल्याजवळ तोरा नव्हती, प्रार्थनेची पुस्तके नव्हती, हिब्रू विसरलो होतो. ‘शेमा’ तेवढा तोंडी राहिला. डेव्हिड राहाबी कोकणात आले तेव्हा हे लोक खरेच इस्राएली आहेत की नाहीत हे त्यांनी कसे ताडले? परंपरा सांगते की त्यांनी बायकांच्या हाती निरनिराळी मासळी दिली आणि रांधायला सांगितले. बायकांनी खवले-पर असलेली मासळी ठेवली आणि बाकीची बाजूला काढली. ही आम्ही खात नाही, म्हणाल्या. राहाबी नेमके केव्हा आले याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण समाजाने शतकानुशतके ही गोष्ट जपली, यातच तिचे मोल आहे. आपली ओळख पटली ती आपल्या आज्यांच्या हातातल्या मासळीवरून.

आपल्या सणांची जुनी मराठी नावे पाहा. तिश्री महिन्यातला खिरीचा सण. आब महिन्याच्या नवमीचा बिरड्याचा सण, कारण तो उपास वालाच्या बिरड्यावर सोडायचा. पुस्तक नव्हते तेव्हा सण कुठला ते ताटाने लक्षात ठेवले. नवस फेडायचा किंवा शुभकार्य असले की एलियाहू हन्नाबीचा मलिदा: भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची, खजूर आणि फळे. शब्बाथच्या किद्दूशला काळ्या मनुकांचे शरबत. मांसाबरोबर दूध-दही चालत नाही, म्हणून रश्श्यात नारळाचे दूध. धर्माचा एवढा मोठा नियम आपल्या बायकांनी खवणीवर सांभाळला.

हायम सॅम्युएल केहिमकर यांनी १८७५ साली मुंबईत इस्राएली शाळा सुरू केली, ती पुढे सर एली कदूरी शाळा झाली. त्यांनी समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, पण तो छापून निघाला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित पडून राहिले. तरी ते लिहिलेले होते, म्हणून निघाले. आज सणांची ती जुनी नावे आपल्याला धडपणे सांगता येतात ती बऱ्याच अंशी त्यामुळेच. एस्थर डेव्हिड यांनी भारतातल्या यहुदी समाजांच्या खाण्यावर ‘बेने अपेतीत’ हे इंग्रजी पुस्तक २०२१ साली प्रसिद्ध केले, हीदेखील समाधानाची बाब आहे. पण एकट्या लेखिकेने गावोगाव फिरून गोळा करणे वेगळे, आणि समाजाने आपण होऊन एकेक कृती नावानिशी देणे वेगळे. दोन्ही हवीत.

इथे अमेरिकेत आपली माणसे मुख्यतः १९६५ सालच्या नव्या स्थलांतर कायद्यानंतर आली, आणि तीही थोडी. तिसऱ्या पिढीला मराठी समजते ते ‘चल, जेव’ एवढे. माझी नात चिकाचा हलवा आवडीने खाते. तिने एकदा वही घेऊन विचारले, “आजी, नारळाचे दूध किती?” मी म्हटले, “लागेल तेवढे.” ती म्हणाली, “मग मी काय लिहू?” तिचा प्रश्न रास्त आहे. गहू तीन दिवस भिजवून, वाटून, चीक निवळून घेणारा हात ‘लागेल तेवढे’ जाणतो. पाकिटातले गव्हाचे सत्त्व आणि डब्यातले नारळाचे दूध घेणाऱ्या मुलीला माप लागते. अमेरिकेतल्या बायकांनाही एकेकाळी हीच अडचण होती. १८९६ साली बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी आपल्या पुस्तकात काठोकाठ सपाट केलेला पेला आणि सपाट चमचा हे माप धरून कृती लिहिल्या. अशा मापामुळे शिकाऊ मुलीलाही पुस्तकावरून रांधता येऊ लागले. अंदाज शिकवता येत नाही, माप शिकवता येते. अंदाज त्यातून हळूहळू आपोआप येतो.

आता आमच्या पिढीने काय करावे ते सांगते. प्रत्येकीने, आणि स्वयंपाक करणाऱ्या प्रत्येक पुरुषानेही, आपल्या घरची एक तरी कृती लिहावी. हात थरथरत असेल तर नातवंडाला समोर बसवून सांगावी. आपण नेहमीप्रमाणे मुठीने घालावे, आणि नातवंडाने ती मूठ आधी वाटीत मोजून घ्यावी. आपले शब्द तसेच ठेवावे: खवणे, निवळणे, आळणे, मुरवणे. मराठीत लिहावे आणि शेजारी हिब्रूत द्यावे, म्हणजे इस्राएलमधल्या नातवंडांनाही वाचता येईल. घरोघरी कृती वेगळी असते, तेव्हा खरी कोणती यावर वाद घालू नये. पेणचा मलिदा आणि रोह्याचा मलिदा दोन्ही छापावे. आणि प्रत्येक कृतीखाली नाव घालावे: करणारीचे, जिच्याकडून शिकली तिचे आणि गावाचे. आपली आडनावे गावांवरूनच पडली आहेत. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, नवगावचे नवगावकर. त्या गावांत आता आपले घर उरले नसेल, पण पुस्तकाच्या पानावर गाव राहील.

आणि त्या पुस्तकाचा पैसा? त्याला काम शोधावे लागणार नाही. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलेली शाआर हारहमीम ही आपली पहिली मशीद. आपले वडीलधारे सिनेगॉगला मशीदच म्हणत. अलिबागची मागेन अबोथ १८४८ सालची, पनवेलची बेथ एल १८४९ सालची. या वास्तूंना दर पावसाळ्यानंतर कौल-चुना लागतो. गावोगावच्या दफनभूमींना कुंपण लागते. मिन्यानला दहा माणसे जमवणे जिथे कठीण, तिथे देणगी कोणाकडे मागणार? ज्या बायकांनी शब्बाथचे ताट त्या गावांत शेकडो वर्षे सांभाळले, त्यांच्याच हातच्या पदार्थांनी त्यांच्या कबरींचे कुंपण उभे राहिले तर त्याहून योग्य ते काय?

कँडरबाईंना १८ डॉलर मिळाले नाहीत, पण त्यांच्याजवळ लिहिलेल्या कृती होत्या. आपल्याला कदाचित पैसे मिळतील, छापणाराही मिळेल. कृती मात्र आज ज्यांच्या हातात आहेत, त्यांतले बरेचजण ऐंशीच्या पुढे आहेत. म्हणून हा अंक मिटल्यावर एक कागद घ्या, वर पदार्थाचे नाव लिहा, आणि खाली आपल्या आईचे.